तालमीतील मेहनत ते पॉवरलिफ्टिंगमधील पूरक व्यायाम: एका कल्पनेचा इतिहास

१/
देऊळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्यातील, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरचे गाव. सिंदखेडच्या जाधव घराण्याशी त्याचा जुना संबंध. त्याहून मोठी ओळख बालाजीच्या यात्रेची. आश्विनातील या यात्रेत लांबलचक लाकडी लाटा उभारून मंडप घातला जातो. अनेकांच्या बळाने जड लाकूड उभे राहते. तेथे कोणी वजन मोजत नाही आणि कोणाला पदकही मिळत नाही. अशाच तालुक्याच्या गावांतील व्यायामशाळांत आज मात्र किलोकिलोचा हिशेब चालतो. तरुणांच्या मोबाइलमध्ये परदेशी प्रशिक्षकाचे वेळापत्रक असते. त्यात वर तीन व्यायाम ठळक आणि त्यांच्या खाली दहा-पंधरा पूरक व्यायामांची यादी. आजचा धागा त्या खालच्या यादीच्या इतिहासाविषयी.

२/
प्रथम खेळ समजून घेऊ. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीनच प्रकार असतात. स्क्वॉट म्हणजे खांद्यावर बार घेऊन बसणे व उठणे. बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणे पडून बार छातीपर्यंत आणणे व वर ढकलणे. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार हातांत धरून ताठ उभे राहणे. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात आणि तिन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज हा निकाल. पंचांना याखेरीज काहीही दिसत नाही. मग सरावातले उरलेले व्यायाम कशासाठी? मुख्य उचल सुधारावी म्हणून. त्यांना पूरक व्यायाम म्हणतात. कोणता घ्यावा, किती घ्यावा आणि केव्हा सोडून द्यावा, यावर या खेळातील बहुतेक वाद झडतात.

३/
हा वाद पाश्चात्त्य व्यायामशाळांतून आला असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः ‘मुख्य’ आणि ‘पूरक’ असा भेद आपल्या परिसरात सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लेखनात आलेला आहे. या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते. पूरक म्हणून जन्मलेला व्यायाम हळूहळू स्वतंत्र होतो, त्याची स्वतःची स्पर्धा सुरू होते आणि मग त्यालाच पूरक व्यायामांची गरज भासू लागते. मल्लखांबाचे असे झाले, मुद्गलाचे झाले आणि पॉवरलिफ्टिंगचेही तेच झाले. ही वाटचाल ध्यानात आली, की आजच्या वेळापत्रकातील खालची यादी वेगळ्या नजरेने वाचता येते.

४/
इ. स. ११३० च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी मुलखाला लागून असलेले. राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत अनेक विषय सामावणाऱ्या या ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार आणि त्यांचे ‘श्रम’ यांची त्यात नोंद आहे. वाळूने भरलेली गोणी उचलणे हा भारश्रम, चालणे हा भ्रमणश्रम, पाण्यात पोहणे हा सलिलश्रम आणि खांबावरील मेहनत हा स्तंभश्रम. हे सारे कुस्तीच्या सिद्धतेसाठी आहे. गोणी उचलणाऱ्याला राजा इनाम देत नाही. इनाम मिळते ते प्रतिस्पर्ध्याला चीत करणाऱ्याला.

५/
यानंतरचा दुसरा महत्त्वाचा आधार ‘मल्लपुराण’. गुजरातेतील मोढेरा येथील ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेचा हा ग्रंथ १९६४ मध्ये बडोद्याहून संपादित होऊन प्रसिद्ध झाला. त्यातील विभागणी अधिक सूक्ष्म आहे. प्रत्यक्ष कुस्तीचा सराव म्हणजे रंगश्रम. खांबावरचा स्तंभश्रम वेगळा. त्यात ऊहापोहश्रम असाही एक प्रकार आहे. डावपेचांची चर्चा आणि विचार यांनाही या परंपरेने ‘श्रम’ मानले. आज प्रशिक्षक खेळाडूची उचल चित्रित करून त्याच्यासह ती पुनःपुन्हा पाहतात. त्या कामासाठी याहून नेमका शब्द सुचवणे कठीण आहे.

६/
आता मराठी तालमीकडे येऊ. लाल मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती, भिंतीशी मुद्गल आणि करेल, कोपऱ्यात मल्लखांब. दिनक्रमाचे दोन भाग असत. एक लढत, म्हणजे जोडीदाराशी प्रत्यक्ष कुस्ती. दुसरी मेहनत, म्हणजे जोर, बैठका, मुद्गल फिरवणे, दोर चढणे आणि हौदा खणणे. पहाटे लढत व सायंकाळी मेहनत असा क्रम अनेक ठिकाणी आढळतो. कोणी किती मेहनत करावी हे वस्ताद ठरवी. नवख्याला आणि मैदान जवळ आलेल्या पैलवानाला एकच हिशेब लावला जात नसे. हे वेळापत्रक कागदावर नव्हते. ते वस्तादाच्या नजरेत होते.

७/
या मेहनतीतील प्रत्येक गोष्टीला कुस्तीत ठरलेले काम होते. जोर काढताना छाती, खांदे आणि दंड यांच्यासह पाठीचा कणाही वाकतो आणि ताठ होतो; प्रतिस्पर्ध्याला रेटताना हीच हालचाल लागते. बैठकांनी मांड्या तयार होतात आणि पट काढताना खाली जाऊन उठण्याची क्षमता येते. मुद्गल आणि करेल यांनी खांद्याचा सांधा सर्व दिशांनी बळकट होतो. मल्लखांबाने पकड आणि कंबर घडते. हौदा खणल्याने माती मऊ राहते आणि पाठीला व पंजांना मेहनतही मिळते. तालमीची झाडलोट आणि पूरक व्यायाम येथे एकाच खोऱ्याने साधत.

८/
शब्दांचा एक मौजेचा भाग. उत्तर हिंदुस्थानातील आखाड्यांत ‘जोर करना’ म्हणजे जोडीदाराबरोबर कुस्तीचा सराव करणे. मराठीत ‘जोर काढणे’ म्हणजे दंड काढणे. एकच शब्द, तिकडे मुख्य कामासाठी, इकडे पूरक कामासाठी. मुख्य आणि पूरक यांच्यातील सीमारेषा किती सहज सरकते, याची साक्ष भाषाच देते.

९/
जोर-बैठकांना एक अंगभूत मर्यादा होती. वजन आपल्या शरीराचेच असल्याने वाढ करायची तर संख्या वाढवावी लागे. म्हणून पैलवानांच्या कथा आकड्यांत सांगितल्या जातात. हजारांच्या घरातील जोर आणि त्याहून अधिक बैठका. संख्या वाढली की प्रामुख्याने दम वाढतो, आणि निकाली कुस्तीला दमच हवा होता. गुणांवर नव्हे तर चीतपटीवर निकाल लागायचा तेव्हा लढत कितीही लांबे. तेथे हजार बैठकांचा हिशेब अगदी योग्य होता. केवळ बळ वाढवायचे असेल तेव्हा तालमीनेही भार वाढवलाच: जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका, गळ्यात जड दगडी कडे, अधिक वजनाचा मुद्गल, दगडी नाल. संख्या आणि भार ही दोन वेगळी साधने आहेत, हे वस्तादांना अनुभवाने ठाऊक होते.

१०/
आता पहिले स्वातंत्र्य पाहू: मल्लखांब. नावातच त्याचे मूळ आहे, मल्लाचा खांब. परंपरा सांगते की दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडील अली आणि गुलाब या पैलवानांनी पुण्यात आव्हान दिले. बाळंभटदादा देवधर या तरुणाने ते स्वीकारले. त्यांनी वणीच्या सप्तशृंगीपाशी आराधना केली आणि तेथे मारुतीने त्यांना खांबावरचे डाव दाखवले, अशी आख्यायिका आहे. गुलाबला त्यांनी हरवले, अलीने माघार घेतली. दैवी भाग बाजूला ठेवला तरी कथेचा गाभा बोलका आहे. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यावर मात करायला आणखी कुस्ती खेळून भागणार नव्हते. हवा होता तो योग्य पूरक व्यायाम.

११/
सागवानी किंवा शिसवी खांबाला एरंडेल तेल लावलेले. तो निसटू पाहणारा खांब म्हणजे घामाने निथळणारा प्रतिस्पर्धी. त्याला हातांनी, पायांनी आणि बगलेने धरून ठेवायचे. कुस्तीगिराला जोडीदार नसतानाही डाव घोटता यावेत, ही त्यामागची योजना. पुढे या खांबावर अढ्या, तेढ्या, उड्या आणि आसने विकसित झाली. दोरीचा आणि टांगता असे उपप्रकारही रुजले. सौंदर्य वाढत गेले आणि कुस्तीशी असलेला धागा सैल होत गेला. १९६२ मध्ये ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाला स्थान मिळाले. १९८१ मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली.

१२/
एका खेळाचा जन्म झाला ही आनंदाचीच गोष्ट. त्याच वेळी कुस्तीच्या बाजूने पाहिले तर एक साधन हातचे गेले. मल्लखांबपटूचे शरीर हलके व लवचिक असावे लागते. त्याच्या सरावाचा हिशेब त्याच्याच स्पर्धेच्या गुणांनी ठरतो. त्या खांबावर आता पैलवान क्वचितच दिसतो. उलट मल्लखांबपटू आपली पकड आणि पोटाचे स्नायू सुधारण्यासाठी निराळे पूरक व्यायाम करतात. काल जो सेवक होता तो आज यजमान झाला आणि त्याने आपले सेवक नेमले.

१३/
दुसरे स्वातंत्र्य मुद्गलाचे. ते देशाबाहेर घडले. हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी पैलवानांना मुद्गल फिरवताना पाहिले आणि त्याचे हलके रूप मायदेशी नेले. १८३० च्या दशकात इंग्रजी व्यायामपुस्तकांत त्याची सचित्र माहिती येऊ लागली. शाळांत, पलटणींत आणि स्त्रियांच्या व्यायामवर्गांतही ते ‘इंडियन क्लब’ पोहोचले. पुढे १९०४ च्या सेंट लुईस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याची स्पर्धाच झाली. आपल्या तालमीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या साधनाला ऑलिंपिक पदक होते, हे आज फार थोड्यांना माहीत आहे. त्यानंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून नाहीसा झाला. स्वतंत्र होणारा प्रत्येक पूरक व्यायाम टिकतोच असे नाही.

१४/
वऱ्हाडाचा या इतिहासात मोठा वाटा आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाड्याचा पाया घातला. पुढे तो श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर ओळखला गेला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. बुलढाणा जिल्हा अमरावती विभागातलाच. त्यामुळे या पट्ट्यातील शारीरिक शिक्षणाचा इतिहास अमरावतीचे नाव घेतल्यावाचून लिहिता येणार नाही. बडोद्याला त्याच वर्षी दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे प्रकाशन सुरू झाले, त्याचे दहा खंड निघाले. बळाच्या विषयावर मराठीत एवढे मोठे काम झाले आहे, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

१५/
या दोन्ही कार्यांनी व्यायाम जपले, नोंदवले आणि शिकवण्याजोगे केले. त्यासोबत एक अपरिहार्य बदल झाला. कोशात आणि प्रात्यक्षिकात प्रत्येक व्यायाम सुटा उभा राहतो. जोर कसा काढावा हे चित्रावरून कळते. अमक्या पैलवानाने आज तो काढावा की नाही, हे कळत नाही. ते सांगणारा वस्ताद चित्रात मावत नाही. आज मोबाइलवरील चित्रफितींनी नेमकी हीच अडचण शतपटीने वाढवली आहे. व्यायामांचा तुटवडा संपला. निवडीचा तुटवडा आला.

१६/
मुख्य काम बदलले की पूरक कामही बदलावे लागते, हा धडा कुस्तीला मॅटने शिकवला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ च्या हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीवर घडलेल्या मल्लाला मॅटवर वेगळ्या नियमांशी झुंजावे लागले: वेळेची मर्यादा, गुण आणि पायाखालची निराळी पकड. लढत आखूड झाल्यावर हजारोंच्या संख्येचे महत्त्व उतरले आणि थोड्या क्षणांत उसळणारे बळ अधिक मोलाचे ठरले. जोर-बैठका वाईट झाल्या नव्हत्या. त्या ज्या लढतीला पूरक होत्या ती लढतच बदलली होती.

१७/
याच सुमारास अमेरिकेत भाराचे शास्त्र आकार घेत होते. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. दुबळ्या स्नायूला हलक्या वजनाने असंख्य वेळा हलवण्यापेक्षा जड वजनाने थोड्या वेळा काम द्यावे आणि ते वजन क्रमाने वाढवावे, असे त्यांचे सूत्र होते. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी त्याची सुटसुटीत मांडणी केली. जे वजन दहा वेळाच उचलता येते ते प्रमाण मानायचे. पहिली फेरी त्याच्या निम्म्या वजनाने, दुसरी पाऊण वजनाने आणि तिसरी पूर्ण वजनाने, प्रत्येकी दहा वेळा. आजही व्यायामशाळेत ‘तीन सेट, दहा रेप’ म्हणतात त्याचे मूळ एका लष्करी रुग्णालयात आहे.

१८/
आता तिसरे स्वातंत्र्य, आणि आपल्या विषयाचा कळस. स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि बेंच प्रेस हे एकेकाळी वेटलिफ्टर आणि शरीरसौष्ठवपटूंचे पूरक व्यायाम होते. ऑलिंपिकमधील वेटलिफ्टिंगला तेव्हा प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हेच मान्य होते. इतर उचली ‘किरकोळ उचली’ म्हणून ओळखल्या जात. तरीही हौशी लोक त्यांच्या स्पर्धा भरवू लागले. १९६४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे राष्ट्रीय पातळीची स्पर्धा झाली आणि १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन झाला. त्याच वर्षीच्या म्यूनिक ऑलिंपिकनंतर वेटलिफ्टिंगमधून प्रेस वगळण्यात आला. एक जुनी मुख्य उचल पूरक झाली आणि तीन जुने पूरक व्यायाम मुख्य झाले.

१९/
ही निवड निसर्गाने केलेली नाही, माणसांनी बैठकीत केलेली आहे. ब्रिटनमध्ये बळाच्या स्पर्धेत आधी डेडलिफ्टऐवजी दंडाचा कर्ल होता. १९६० च्या दशकाच्या मध्यास तो वगळून डेडलिफ्ट आणली गेली. कर्ल एका निर्णयाने स्पर्धेतून पुन्हा पूरकांच्या यादीत गेला. पॅरालिंपिकमधील पॉवरलिफ्टिंगमध्ये तर एकटा बेंच प्रेस हाच संपूर्ण खेळ आहे. २००४ मध्ये अथेन्सला राजिंदरसिंग रहेलू यांनी त्याच प्रकारात भारतासाठी कांस्यपदक मिळवले. त्यांच्या दृष्टीने ‘मुख्य’ काय आणि ‘पूरक’ काय, हे गणित तीन उचली करणाऱ्या खेळाडूपेक्षा सर्वस्वी निराळे आहे.

२०/
पूरक व्यायाम हवेतच कशाला, असा प्रश्नही विचारला गेला. बल्गेरियाचे वेटलिफ्टिंग प्रशिक्षक इव्हान अबाजिएव्ह यांनी व्यायामांची यादी छाटत नेली. स्पर्धेच्या उचली, त्यांची निकटची रूपे आणि स्क्वॉट. रोज जड, दिवसातून अनेकदा. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या चमूने तीन सुवर्णपदके जिंकली. या यशाला काळी किनारही आहे. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये उत्तेजक द्रव्यांमुळे बल्गेरियाच्या दोन खेळाडूंची सुवर्णपदके काढून घेण्यात आली आणि संघ माघारी गेला. म्हणून त्या पद्धतीचे अनुकरण करणाऱ्याने तिच्या फळांइतकेच खतही तपासले पाहिजे.

२१/
याच्या नेमके दुसऱ्या टोकाला ओहायोतील कोलंबस येथील लुई सिमन्स (मृत्यू २०२२). त्यांच्या वेस्टसाइड बारबेल या व्यायामशाळेत खेळाडू स्पर्धेतील उचल आहे तशी क्वचितच करत. तिची बदलती रूपे जड वजनाने, आठवड्यातील दुसऱ्या दिवशी हलक्या वजनाने वेगवान उचल आणि उरलेला मोठा भाग पूरक व्यायामांचा. रशियाचे बोरिस शेइको यांचा मार्ग यांच्याहून निराळा: मध्यम जड वजनाने स्पर्धेच्याच उचलींची वारंवार, काटेकोर घोटणी, कित्येकदा एकाच सत्रात तीच उचल दोनदा. तिन्ही मार्गांनी मोठे खेळाडू घडले. ‘सर्वोत्तम यादी’ नावाची वस्तू अस्तित्वात नसल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

२२/
मग निवड कशी करावी? अनुभवी प्रशिक्षक उचल कोठे अडते हे पाहतात. बेंच प्रेसमध्ये बार छातीवरून निघतच नसेल तर छातीवर दीर्घ विराम घेऊन केलेला बेंच उपयोगी. तसेही स्पर्धेत बार छातीवर स्थिर होऊन पंचांची आज्ञा झाल्याशिवाय ढकलता येत नाही. शेवटच्या टप्प्यात कोपर सरळ होत नसतील तर हात जवळ धरून केलेला बेंच. डेडलिफ्ट जमिनीपाशीच अडली तर लहान फळीवर उभे राहून केलेली डेडलिफ्ट. मांडीची मागची बाजू कमकुवत असेल तर रोमानियन डेडलिफ्ट. रोमानियाचा ऑलिंपिक विजेता निकू व्लाद याच्या सरावावरून अमेरिकेत तिला हे नाव पडले. प्रत्येक ठिकाणी आधी निदान, नंतर औषध.

२३/
सत्राची रूढ मांडणीही याच तत्त्वावर उभी आहे. अंग ताजे असताना मुख्य उचल, जड आणि थोड्या आवर्तनांची. त्यानंतर तिचे निकटचे रूप. शेवटी पाठ, दंड, पोट यांचे दोन-तीन व्यायाम, हलक्या वजनाने सहा ते बारा आवर्तने. स्पर्धा दूर असते तेव्हा पूरक कामाचा वाटा मोठा. स्पर्धा जवळ येते तसा तो आक्रसतो आणि अखेरच्या दिवसांत जवळपास लोपतो, कारण थकवा उतरायला वेळ लागतो आणि पूरक व्यायामाचा थकवाही खराच असतो. मैदान जवळ आल्यावर पैलवानाची मेहनत कमी करून त्याला ताजा ठेवणारा वस्ताद हेच गणित करत होता.

२४/
एका बाबतीत मात्र जुन्या तालमीची कड घेता येत नाही. तिचा उंबरठा स्त्रियांसाठी बहुधा बंदच राहिला. दोरीच्या मल्लखांबाने मुलींना वाट करून दिली ती मल्लखांब कुस्तीपासून स्वतंत्र झाल्यामुळेच. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्त्रियांची जागतिक स्पर्धा १९८० मध्ये सुरू झाली, म्हणजे महासंघाच्या स्थापनेनंतर आठच वर्षांनी. पूरक व्यायाम स्वतंत्र होतो तेव्हा काही हरवते हे आपण पाहिले. कित्येकदा ज्यांना मूळ हौद्यात प्रवेश नव्हता त्यांच्यासाठी नवे दारही उघडते.

२५/
आज वर्तुळ पूर्ण होताना दिसते. मॅटवर खेळणारे कुस्तीगीर आता स्क्वॉट आणि डेडलिफ्ट करतात. पॉवरलिफ्टरचे ते सर्वस्व, कुस्तीगिराची ती केवळ मेहनत. कुस्तीगिराने डेडलिफ्टच्या आकड्यामागे धावून पाठ दुखवून घेतली आणि लढत चुकवली, तर त्याचा हिशेब बुडाला. पॉवरलिफ्टरने कर्लच्या पंधरा प्रकारांत संध्याकाळ घालवली आणि स्क्वॉटला बळ उरले नाही, तर त्याचाही बुडाला. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलाचे मुख्य काम धावणे आणि गोळाफेक. त्याने पॉवरलिफ्टरचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलले तर त्याच्याही वाट्याला तेच. तालुक्याच्या गावी गाठीशी वेळ, दूध-अंडी आणि पैसा मोजकाच असतो. तेथे चुकीच्या निवडीची किंमत शहरापेक्षा जास्त पडते.

२६/
म्हणून मोबाइलमधील यादी हाती घेताना प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न लिहावेत. हा व्यायाम माझ्या कोणत्या मुख्य कामासाठी आहे? माझी कोणती उणीव तो भरून काढतो? आणि ती भरून निघाली हे मला कशावरून कळेल? उत्तर नसलेली ओळ खोडायला हरकत नाही. ‘मानसोल्लासा’तील वाळूची गोणी आणि आजचा लोखंडी बार यांच्यामध्ये नऊ शतके आहेत, हे तीन प्रश्न दोघांनाही सारखेच लागू पडतात.

२७/
एक विनंती. आपल्या गावच्या जुन्या तालमीत किंवा मारुतीच्या पारापाशी दगडी नाल, करेल, मुद्गलाच्या जोड्या अद्याप असतील. त्यांचे छायाचित्र घ्या, वजन करा, वापरणारे कोणी वयोवृद्ध असतील तर ते कशासाठी आणि कसे वापरत हे विचारून लिहून ठेवा. साधने संग्रहालयात टिकतील. त्यांचा उपयोग सांगणारी माणसे फार काळ राहणार नाहीत. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली, मेहकर, जालना या परिसरातील वाचकांनी आपल्याकडील माहिती या धाग्याखाली अवश्य नोंदवावी.

(धागा समाप्त)